आण्णा, ही ओळ तसली नाही

विटा

तीर्थरूप आई आणि आण्णा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, त्याबद्दल आधी माफ करा. फोन ठेवल्यापासून तेच मनात घोळतंय. आण्णा, तुमच्यासमोर मला शब्द सुचत नाहीत, कागदावर जरा सुचतात, म्हणून लिहायला बसले.

नातू शाळेत मिळणारं दुपारचं जेवण जेवतो, यावरून तुम्ही म्हणालात, "आपली ऐपत आहे. पोराला घरून डबा दे. ताट घेऊन त्याला ओळीत उभं करू नकोस. ज्याला गरज आहे त्याला मिळू दे."

तुमच्या डोळ्यांपुढे कोणती ओळ आहे ते मला ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर सुकडी वाटायचे, ती ओळ. तुम्ही बारा वर्षांचे. आजी खडी फोडायला जायची, घरात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. आजी तापाने पडली तेव्हा तुम्ही एकटेच वाडगं घेऊन गेलात आणि मुकादमानं हजेरीपट बघून तुम्हाला ओळीतून बाहेर काढलं, कारण त्या दिवशी आपल्या घरचं कुणी मस्टरवर नव्हतं. हे तुम्ही आम्हाला एकदाच सांगितलंत, धाकट्यानं ताटात भाकरी टाकली होती त्या रात्री. माझ्या पोरांना कुणापुढे ताट धरायला लावणार नाही, असं तेव्हा म्हणाला होतात. ते तुम्ही पाळलंत. आम्ही दोघं शिकलो, कमावते झालो.

पण आण्णा, त्या दिवशी तुम्हाला लागलं ते ओळीत उभं राहिल्याचं, की ओळीतून बाहेर काढल्याचं? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, बाहेर काढल्याचं. सगळी पोरं खात होती आणि तुमच्यापुरता कागद आडवा आला.

म्हणूनच शाळेतलं जेवण सगळ्यांना मिळावं असं मी म्हणते. गरिबाला, बागायतदाराला, नोकरदाराला, सगळ्यांच्या पोरांना. "गरजूंनाच द्या" म्हटलं की कुणीतरी हजेरीपट घेऊन उभा राहतो आणि गरजू कोण ते ठरवतो. आपल्या घरी काय झालं ते आठवा. १९९९ साली रेशनकार्डाचे तीन रंग झाले, गरिबांचं पिवळं, मग केशरी आणि पांढरं, आणि आपल्याला केशरी मिळालं. सलग दोन वर्षं ज्वारी घरात आली नव्हती, तरी केशरी. तुम्ही दोन हेलपाटे घातलेत आणि मग सोडून दिलंत. शाळेनं मात्र आम्हाला कार्डाचा रंग कधी विचारला नाही.

आई, तुला शाळेतून मिळायचे ते तांदूळ आठवत असतील. केंद्राची शाळेतल्या पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तेव्हा मी दुसरीत होते. महिन्याला तीन किलो, हजेरी ऐंशी टक्के असली तर. मी पिशवी डोक्यावर घेऊन यायचे आणि मीच घर चालवते असं मला वाटायचं. पण ते तांदूळ घरच्या पातेल्यात जायचे आणि पातेल्याभोवती आपण सहा माणसं. त्यात गैर काहीच नव्हतं, घरात आलेलं सगळ्यांचंच असतं. फक्त शाळेत दुपारी पोटात काही नसायचं ते नसायचंच. मधल्या सुट्टीत आम्ही चार-पाच मुली नळावर जायचो आणि सुट्टी संपेपर्यंत तिथेच रेंगाळायचो, डबे उघडलेले दिसू नयेत म्हणून.

मग सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश आला, २८ नोव्हेंबर २००१ चा. सरकारी गोदामं धान्यानं भरलेली आणि राजस्थानात माणसं उपाशी, म्हणून खटला भरला गेला होता. कोरडं धान्य नको, शाळेत शिजवलेलं ताजं जेवण द्या, वर्षाचे किमान दोनशे दिवस द्या, असं न्यायालयानं सांगितलं. आपल्या शाळेत चूल पेटली तेव्हा धाकटा तिसरीत होता आणि बचत गटाकडून ती पेटवणारी तूच होतीस.

तुझ्या त्या तेरा वर्षांबद्दल मी तुला कधी नीट काही बोलले नाही. ओलं सरपण, पत्र्याच्या शेडमधला धूर, तांदूळ निवडताना लाल झालेले डोळे. केंद्रानं २००९ मध्ये स्वयंपाकी-मदतनिसांचं मानधन महिन्याला हजार रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहा महिने, आणि हातात पडायला कधी कधी चार महिने लागायचे. पुढे आपल्या राज्यात ते वाढत अडीच हजारांवर गेलं. शंभर पोरांना वेळेवर गरम घास घालणाऱ्या बाईला अडीच हजार. सगळ्या मुलांना जेवण द्या असं मी मोठ्यानं म्हणते, तेव्हा शिजवणारीला पोटापुरता पगार द्या हेही त्यातच आलं. ते सोडून बाकीचं बोलायला मला लाज वाटेल.

आणि तुझ्याबरोबर शिजवायला दलित वस्तीतल्या मावशी आल्या तेव्हा काय झालं, तेही मी विसरलेले नाही. दोन घरांनी पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. कारण कुणी बोललं नाही, सगळ्यांना ते कळलं होतं. तू भांडली नाहीस. रोज आधी धाकट्याचं ताट मावशींच्या हातानं वाढायला लावायचीस, सगळ्यांच्या देखत. दिवाळीनंतर त्या दोन घरांची पोरंही पंगतीत येऊन बसली. आण्णा, तुम्ही रयतच्या शाळेत शिकलात. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली आणि त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगायचात. ते अन्न खाऊन मोठ्या झालेल्या कुणाला तुम्ही कधी फुकटखाऊ म्हणाला नाहीत.

आता सोमवारचं सांगते. तुमचं ऐकून मी पोराला डबा दिला. चपाती, बटाट्याची भाजी, गुळाचा खडा. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आला. विचारलं तर रडायलाच लागला. म्हणाला, "मला डबा होता म्हणून मी भिंतीकडं बसलो, सगळे तिकडं होते." कुणी त्याला तिकडे बसवलं नव्हतं, डबेवाली दोन पोरं तिकडे बसतात म्हणून तोही जाऊन बसला. आज डबा असलेले तिघं भिंतीकडे आहेत. उद्या ऐपतवाल्या सगळ्या घरांनी डबे दिले, तर मधे उरलेल्या पंगतीला गरिबांची पंगत असं नाव पडेल आणि मग त्यातली पोरंही नळाकडे निघून जातील.

दुसरंही एक आहे. ज्या पातेल्यातून सरपंचाचं आणि माझ्यासारख्या नर्सचं पोर जेवतं, त्या पातेल्यातल्या डाळीकडे गावाचं लक्ष असतं. आमच्या शाळेत पालक आळीपाळीनं जेवणाची चव बघतात आणि वहीत लिहितात. मागच्या पावसाळ्यात तांदळात किडे निघाले तेव्हा आम्ही चार बायांनी पोतं परत करायला लावलं. तुम्ही फोनवर बिहारमधल्या त्या शाळेची आठवण काढलीत. खरंच आहे, २०१३ मध्ये छपरा शहराजवळ जेवणाच्या तेलातून कीटकनाशक पोटात गेलं आणि तेवीस मुलं दगावली. ती बातमी ऐकून तू आठवडाभर तेलाचा डबा घरी आणून ठेवायचीस, आई. माझंही मन त्या बातमीपाशी आलं की थांबतं. पण म्हणूनच आपण तिथून पोर काढून घेऊ नये. आपण काढून घेतलं तर चव बघायला कोण जाणार?

माझ्या कामाचं सांगते. उपकेंद्रात आणि शाळांत मी वजनं-उंच्या घेते, जंताच्या गोळ्या देते. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला दीडशे ग्रॅम तांदूळ, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यातला एक पोरगा यंदा आमच्या शाळेत येऊन बसला. त्याचे कागद गावाकडून यायचे होते. बाईंनी त्याला त्याच दिवशी ताट दिलं. आईबाप पहाटे चारला फडात गेलेले, त्यामुळे ते त्याचं दिवसातलं पहिलं अन्न होतं.

आई, २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलींना लहानपणी शाळेत हे जेवण मिळालं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या बाळांमध्ये खुरटलेपण कमी दिसलं. तू वाढलेल्या पोरींपैकी दोघी लग्न होऊन माझ्याच उपकेंद्राच्या गावात आल्या आहेत. त्यांची बाळं मी तोलते, आणि काट्यावर आकडा बरा आला की मला तुझी चूल आठवते.

तरी पुष्कळ अपुरं आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत हा हक्क दिला. नववीत गेलेल्या पोरीची भूक आठवीत संपते का? त्याच वयात त्यांच्या अंगात रक्त कमी असतं, पापणी खाली ओढली की आत पांढरं दिसतं. तमिळनाडूत दहावीपर्यंत जेवण देतात, २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही द्यायला लागले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्यांना केळं. पोरं अंड्याच्या दिवसाची वाट बघायची. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं त्याचे पैसे थांबवले. मला याचा फार राग आला आणि अजून गेलेला नाही.

पैसे कुठून येतात, हेही तुम्ही विचारलंत. तुम्ही साबण घेता, आई काडेपेटी घेते, बीडचा तो तोडकरी रॉकेल आणि तेल घेतो, त्या प्रत्येकातून कर जातो. शाळेचा फळा, खडू, बाईंचा पगार यांना आपण फुकट म्हणत नाही. भुकेल्या पोराला फळ्यावरचं दिसतच नाही, मग ताट का वेगळं काढायचं?

तुमच्या मनाविरुद्ध मला पोराला काही शिकवायचं नाही. कुणापुढे हात पसरू नये हे तो तुमच्याकडूनच शिकेल, शिकायलाच हवं. पण मंगळवारपासून मी त्याला डबा दिलेला नाही.

पुढच्या गुरुवारी चव बघायची पाळी माझी आहे आणि मला त्या दिवशी लसीकरणाला जावं लागणार. बाईंना विचारलं, आजोबा आले तर चालतील का, तर त्या म्हणाल्या, आनंदानं. सकाळच्या आटपाडी-विटा गाडीनं निघालात तर वेळेत पोचाल. आई, तूही ये. शाळेतल्या मावशींची आमटी पातळ होते, त्यांना तुझं डाळीचं प्रमाण हवंय. आण्णा, वहीत जे वाटेल ते खरं लिहा. फक्त उभ्यानं चव बघू नका, पोराच्या शेजारी बसा. त्यानं आत्ताच जागा धरून ठेवली आहे.

गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, येताना चिठ्ठी बरोबर आणा.

तुमची लेक