तो 'खट्' परत आणल्याबद्दल

काका,

सप्रेम नमस्कार.

बाबांनी १९७८ साली मस्कतहून आणलेला याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा फिल्मचा कॅमेरा मी तुमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तुम्ही लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलला नाहीत. कॅमेरा कानाशी धरलात, फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढलीत आणि म्हणालात, "खट् होत नाहीये." त्याआधी दोघा कारागिरांनी तो हातातही न घेता शोकेसमध्ये ठेवायला सांगितलं होतं.

आतली रबराची गादी चिमट्यात धरून दाखवलीत. करंगळीच्या नखाहून लहान, विरघळून पाकासारखी चिकट झालेली. एवढ्याशा तुकड्यापायी शटरचं गणित बिघडतं! ५.६ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी आता निघत नाही, म्हणून ६ व्होल्टची बारकी बॅटरी, एक स्प्रिंग आणि पुठ्ठ्याची नळी. पैसे किती घेतलेत ते लिहीत नाही, उगाच तुमच्याकडे रांग लागेल.

एक कबुली राहिली होती. पहिल्या रोलचे तेरा फोटो कोरे आले. लेन्सची टोपी काढायलाच विसरलो होतो. अशा रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही, वरच्या खिडकीतून बघतो, आणि या पठ्ठ्याचा उजेड मोजणारा डोळाही लेन्सच्या बाहेर. टोपी आहे की नाही, त्याला काय पत्ता!

पण त्या खिडकीसाठीच लोक हा कॅमेरा शोधत फिरतात. फोकस करताना मधल्या पिवळट ठिपक्यात दोन प्रतिमा सरकत येऊन एकमेकींवर बसतात, तसतशा फोटोची चौकट दाखवणाऱ्या रेषाही तिरक्या सरकतात. चौकटीबाहेरचं दिसत राहतं, त्यामुळे आत कोण शिरणार ते आधीच कळतं. लेन्समधून बघायच्या कॅमेऱ्यांसारखा क्लिक करताना आरसा वर उडून डोळ्यापुढे अंधारही होत नाही. आवाज म्हणाल तर शेजारचा वळूनही बघत नाही.

उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटरचा वेग तो ठरवणार आणि किती ते सांगणारही नाही. याचा मला आधी रागच आला होता. पिवळा दिवा लागला की वेग १/३० सेकंदाच्या खाली गेला, मग श्वास रोखायचा आणि कशाला तरी टेकायचं, हे तुम्ही शिकवलंत.

सोबत एक फोटो देतोय. संध्याकाळची वेळ, ट्यूब न लावलेलं स्वयंपाकघर, ओट्यापाशी आई. लेन्सचं छिद्र एफ १.७ वर, म्हणजे पूर्ण उघडं, पिवळा दिवा लागलेला, मी फ्रिजला टेकून. आईचा झाऱ्याचा हात हललाय. तुमच्या नजरेतून तो सुटणार नाहीच.

आपला,
जीएसएनवाला