रांजण उजवीकडे होता की डावीकडे?

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, फोटो कुठे आहेत म्हणून. फोटो नाहीत रे. पिच्चरच्या सेटवर शिरायच्या आधीच एका पोऱ्याने आमचे सगळ्यांचे मोबाइल पिशवीत घालून घेतले. कचारगडच्या गुहेत मामीने काढले, त्यांत अंधार आणि तुझ्या बाबांचा पांढरा दुपट्टा एवढंच दिसतं. म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीची रजिस्टरं सुटल्यापासून पेन हातात नाही, अक्षर सांभाळून घे.

मामाचा ट्रॅक्टर महिनाभर त्या पिच्चरवाल्यांकडे भाड्याने होता, त्याच वशिल्याने आम्हाला आत सोडलं. पिच्चरचं नाव विचारू नको, ते सांगतच नाहीत. सालेकशाच्या अलीकडे, धान निघालेल्या एका बांधीत त्यांनी अख्खी वस्ती उभी केली होती. सेट म्हटलं की मला वडसाच्या नाटक कंपन्यांचे पडदे आठवायचे. एक ओढला की महाल, दुसरा ओढला की जंगल. इथे मातीची सात घरं, कुडाची कुंपणं, सारवलेली अंगणं, विहीर. आणि त्यातलं दुसरं घर आपलं.

आपल्यासारखं नाही, आपलंच. तेवढीच उंच ओसरी, तीच बुटकी चौकट, जिच्यावर बाबांचं डोकं वर्षातून चारदा तरी आपटायचं. आजी गाडीतून उतरली, जरा वेळ पाहत राहिली आणि कोणाला न विचारता जाऊन ओट्यावर बसली.

"हे कोनं बांधलं वं?" एवढंच म्हणाली.

मी आत डोकावले तर आत काहीच नाही. मागून बल्ल्या ठोकलेल्या, त्यांना प्लायवूड, प्लायवूडवर बारदान आणि त्यावर मातीचा लेप. आजी कोनाड्यात हात घालून चाचपत होती, पलीकडून सुताराने हातोडी मारली तशी दचकली. माजघराची एक भिंत तर निघायची. कॅमेरा मागे न्यायचा असला की चौघं मिळून ती उचलून बाजूला ठेवतात. धूर खाल्लेला काळा रंग, सारवणाचे बोटांचे फराटे, पावसाच्या ओघळांचे डाग, सगळं ब्रशने काढलेलं. फराटे सगळे एकाच बाजूला वळलेले होते, ते मला खटकलं. माणूस सारवताना मागे सरकतो, हात दोन्हीकडे फिरतो. पण सांगते कोणाला.

खरे होते ते फक्त छपरावरचे कवेलू. कला विभागातला एक पोरगा, मिशीही नीट फुटली नव्हती, सांगत होता की नवे कवेलू शोभत नाहीत, म्हणून ते आसपासच्या गावांतून गोळा केले. घरकुलं मंजूर झाली, लोकांनी जुनी घरं पाडली, तिथून ट्रॉल्या भरून आणले. आजीने लगेच भाव विचारला. पोराने सांगितला, आणि तिने बाबांकडे असं पाहिलं की ते उठून विहीर बघायला गेले. आपले दोन वर्षांपूर्वी त्यांनी फुकट उचलू दिले होते ना.

तू मनाला लावून घेऊ नको. तू पैसे पाठवले म्हणून स्लॅब पडला, आणि मला त्याचं सुखच आहे. मिरगाच्या आधी कवेलू फेरा, माकडांनी फोडले की पुन्हा फेरा, गळतीखाली भांडी मांडा, यातलं मला काहीही परत नको.

शूटिंग म्हणशील तर भल्लं कंटाळवाणं. भर दुपारी काळे कापड लावून रात्र केली आणि त्या नटीने विहिरीवरून आणलेली घागर रांजणात ओतायची, एवढंच. सतरा वेळा. आजी म्हणे, "येवढ्यात म्या आंगन सारवून सैपाक उरकला असता." दर वेळी एक मुलगी धावत जायची, मोबाइलवर आधीचा फोटो बघायची आणि झाकणी, वाटी, खराटा जिथल्या तिथे ठेवायची. ओसरीतली एकेक वस्तू तिच्याकडे टिपलेली. वाटी बोटभर सरकली तरी पडद्यावर कळतं म्हणे.

तिथेच आजी बोलली. रांजण चुकीच्या बाजूला आहे, आपला दाराच्या उजवीकडे होता. बाबा म्हणाले डावीकडे. दोघांची जुंपली. पोरगा हसून म्हणाला, आजी, आता सरकवता येत नाही, नऊ सीन झाले आहेत.

तिथून कचारगड जवळच. माघ पौर्णिमेच्या यात्रेत तिथे पाय ठेवायला जागा नसते. मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज लोटतो. म्हणून आम्ही आधीच गेलो. दरेकसा स्टेशन मागे टाकून धनेगावला गाडी लावली. आजीचे गुडघे पाहता तिला खालीच एका म्हातारीच्या अंगणात बसवलं. दोघींनी मुर्रा-चणे खात काय गप्पा मारल्या देव जाणे, निघताना एकमेकींना सोडत नव्हत्या. आम्ही चढलो. गावातला एक भाऊ सोबत आला, "जय सेवा" म्हणून पुढे झाला.

गुहेचं तोंड दिसलं आणि मामाची बडबड पहिल्यांदा थांबली. आपल्या गावचं देऊळ कळसासकट आत मावेल. आत गार, वटवाघळांचा वास, आणि आवाज खाली केला तरी घुमतो. त्या भावाने कथा सांगितली. शंभूने तेहेतीस पोरं या गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावली. गोंडांचा गुरू पारी कुपार लिंगो, त्याने त्यांच्यासाठी खटपट केली, हिरासुका पाटालीरने वाद्य वाजवलं, त्या सुरांनी पोरांना बळ आलं आणि शिळा ढकलली गेली. पण त्याच शिळेखाली हिरासुका चिरडून मेला. पुढे जंगो रायताड नावाच्या माउलीने पोरं सांभाळली. गोंडांची 750 कुळं त्यांच्यापासून झाली असं ते मानतात. तो हे देवाची गोष्ट म्हणून सांगत नव्हता. आपल्या आजोबांचं सांगावं तसं सांगत होता.

तेहेतीस पोरं एका खोलीत म्हणजे काय ते मला विचार, मी बावीस वर्षं सांभाळली. मी आपली जंगोचाच विचार करत बसले. एवढ्यांना जेवू कोणी घातलं असेल?

खाली आलो तर आजीच्या पिशवीत कवेलूचा तुकडा. सेटवरून उचलला की त्या पोराने दिला, ती सांगत नाही. वाटेत हाजरा फॉलला थांबलो, पाण्याची नुसती धार होती. लाखोळीचे वडे संपवले, रात्री नऊला घरी.

तो तुकडा आता तुळशीजवळ आहे आणि भांडण अजून चालू आहे. बाबा डावीकडे, आजी उजवीकडे, मला रोज साक्षीला बोलावतात. बाबू, तिथे मी तीस वर्षं पाणी भरलं आणि मला खात्रीने सांगता येईना. घर पाडताना कोणी फोटोही काढला नाही. तू बारावीचा निकाल लागला तेव्हा ओसरीत पेढ्याचा डबा घेऊन काढला होतास एक, तुझ्या जुन्या मोबाइलमध्ये असेल. तो मोबाइल चालू होत असेल तर बघ. मागे रांजण दिसत असला पाहिजे.

तुझी,
आई