खंबाटकी घाटातील त्या दोघांचे आभार
गेल्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना, खंबाटकी घाटाच्या चढावर बॅटरी तापल्याची सूचना देऊन आमच्या इलेक्ट्रिक गाडीने वेग आपोआप कमी केला, तेव्हा आपली वाट वाकडी करून थांबलेल्या दोन गृहस्थांचे मनःपूर्वक आभार. बॅटरी थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, टाकीवरील किमान रेषेखाली गेले होते. मी बाटलीतले पाणी ओतू लागताच त्यांनी हात धरला, कारण साध्या पाण्यातील क्षारांमुळे त्यातून वीज वाहते. पंपाजवळच्या नळीची क्लिप सैल होती आणि तिच्याखाली हिरवट थेंब लोंबत होता. गाडी बंद करून निवल्यावर त्यांनी क्लिप आवळली, आणि एकजण घाट उतरून, बोगद्यातून परत घाटाच्या पायथ्याच्या खंडाळ्याला (लोणावळ्याजवळचे नव्हे) जाऊन योग्य कूलंट घेऊन आले. चहाचे पैसेही त्यांनीच दिले. नावे विचारायची मात्र राहूनच गेली.