शुक्रवारचं भजन आणि गोवर

भगिनींनो, खालच्या गल्लीत दोन मुलांना गोवर आलाय. शुक्रवारचं भजन होणार, पण देवळाच्या आतल्या खोलीत नाही, बाहेर पारावर. ज्यांच्या घरी ताप-पुरळ आहे त्यांनी यावेळी येऊ नये. राग नको.

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. खोकणारं पोर उठून गेलं तरी बंद खोलीत तो 2 तासांपर्यंत टिकतो. आणि पुरळ दिसायच्या 4 दिवस आधीपासूनच लागण सुरू होते, पुरळ आल्यावर आणखी 4 दिवस. म्हणजे "नुसती सर्दीच की हो" म्हणून अंगणवाडीत सोडलेलं मूल तोवर कितीजणांना देऊन येतं बघा!

आज रात्री प्रत्येकीनं थाई कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या लसींची नोंद असलेलं कार्ड, काढून बघायचं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. माझ्याच नातवाचा दुसरा राहिला होता, कार्ड फ्रिजवर धूळ खात! सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे. सून बाळंतपणाला कोल्हापूरकडे गेली असेल तर तिकडचं कार्डही आशाताईंना दाखवा. शंभरातल्या 95 जणांनी दोन्ही डोस घेतले, तर लस घेण्याएवढी न झालेली तान्ही बाळंही वाचतात.

दाराला कडुलिंब लावा, आमच्या सासूबाईही लावायच्या. पण पोराला दवाखान्यात न्याच, तिथं जीवनसत्त्व अ चा डोसही देतात. आणि आशाताईंपासून लपवू नका.

साडेपाचला सुरू. चटई घरून आणा.