सँडीगेटच्या काकांना जाहीर धन्यवाद

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

आमच्या मंडळाचा दिवाळी अंक छापून आला. त्यातला हॅलम फुटबॉल क्लबच्या मैदानावरचा लेख तुमच्यामुळे उभा राहिला, आणि हे चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या क्रॉसपूल भागातलं या क्लबचं सँडीगेट हे जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान, अशी गिनीजची नोंद आहे. एवढं कुणीही सांगेल. तुम्ही मात्र मला १८०४ पासून सुरुवात करायला लावलीत. तेव्हा तिथे क्रिकेट चालायचं. फुटबॉल आला १८६० मध्ये, तोही हॅलमच्या क्रिकेटवाल्यांच्याच हौसेने. मग ग्रंथालयात माझ्या शेजारी बसून जुन्या वृत्तपत्रातली बातमी ओळ न् ओळ वाचून घेतलीत: २६ डिसेंबर १८६०, मैदानावर बर्फ, शेफील्ड क्लबची हॅलमवर २-० अशी मात. दोन क्लबांमधला हा पहिला सामना मानतात. इंग्लंडची फुटबॉल संघटना (एफए) स्थापन व्हायला अजून तीन वर्षं होती! नियमसुद्धा शेफील्डचे स्वतःचे.

त्या नियमांतला 'रूज' हा गोलाखेरीजचा गुण माझ्या काही केल्या डोक्यात शिरेना. तुम्ही मला गोलपाशी नेलंत आणि पावलांनी अंतर मोजून दाखवलंत. दोन्ही बाजूंना चार-चार यार्डांवर आणखी एकेक निशाण. गोल न होता त्यांच्या मधून चेंडू पार गेला आणि तुमच्या खेळाडूने त्याला आधी हात लावला की एक रूज. गोल बरोबरीत असतील तरच रूज मोजायचे. १८६७ चा युडन चषक हॅलमने नॉरफोक क्लबविरुद्ध याच रूजांवर जिंकला. थॉमस युडन हे नाट्यगृहाचे मालक; चषक त्यांनी दिलेला, एफए कपाहून जुना. पुढे तो गायब झाला आणि १९९७ मध्ये स्कॉटलंडच्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे सापडला. क्लबने तो विकत घेऊन परत आणला. हा भाग सांगताना तुमचा आवाज भरून आला होता, आणि खरं सांगतो, माझाही.

लेखाचा कणाही तुम्हीच दिलात. १८५७ चा शेफील्ड क्लब जगातला सर्वांत जुना. पण मैदानासाठी तो वर्षानुवर्षं फिरत राहिला आणि २००१ मध्ये डर्बीशरमधल्या ड्रॉनफील्डला गेला. हॅलम मात्र आजही सँडीगेटवर आहे. "क्लबाचं वय सगळे विचारतात, जमिनीचं विचार," असं तुम्ही म्हणालात, त्यानंतर मी अख्खा लेख नव्याने मांडला. चषक मागे गेला, मैदान पुढे आलं. वाचकांना तोच भाग आवडतोय.

अंकाच्या दोन प्रती पाठवल्या आहेत. एक तुमची. दुसरी क्लबमध्ये द्या. मराठी कुणाला वाचता आलं नाही तरी चषकाचा फोटो ते ओळखतील. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
मनापासून ऋणी