जप्तीच्या आकड्यात न मावणारा खर्च

महोदय,

मेथॅम्फेटामिन (मेथ) या उत्तेजक अमली पदार्थाचा साठा पकडला गेला की मालाचे वजन आणि बाजारभावाने होणारी किंमत ठळक अक्षरांत छापली जाते. ही किंमत फार तर विकणाऱ्याच्या बुडालेल्या धंद्याचा अंदाज देते. या व्यसनापायी समाजाला काय भरावे लागते, ते तीवरून कळत नाही.

तसा हिशेब अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने २००९ मध्ये मांडला होता. २००५ या एका वर्षात मेथमुळे त्या देशावर पडलेला बोजा तिने सुमारे २३.४ अब्ज डॉलर धरला. त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश वाटा अकाली मृत्यूंचा आणि व्यसनात खालावलेल्या आयुष्याचा होता; पोलीस, न्यायालये आणि तुरुंग त्यानंतर आले. मला मात्र दुसरीच तुलना बोचली: घरातून काढून अन्यत्र ठेवाव्या लागलेल्या मुलांपोटी सुमारे ९० कोटी डॉलर, तर व्यसनावरील उपचारांवर ५५ कोटींच्या आत.

मेथचा अंमल कोकेनसारखा लवकर उतरत नाही. शरीरातील निम्मा अंश कमी व्हायलाच दहा-बारा तास लागतात. आमच्या परिचयातील एक तरुण सलग तीन रात्री भिंतीवरचे घड्याळ सुटे करून पुन्हा जोडत बसला होता आणि चौथ्या रात्री, भिंतीआड माणसे कुजबुजतात म्हणून, त्याने स्क्रूड्रायव्हरने गिलावा खरवडायला घेतला. त्याच्या आईने कार्यालयात रजेचे कारण ‘ताप’ असे लिहिले. अशा रजा कोणत्याही अहवालात मेथच्या नावावर चढत नाहीत.

अफूवर्गीय व्यसनासाठी मेथाडोनसारखी औषधे आहेत; मेथसाठी अद्याप असे मान्यताप्राप्त औषध नाही. आजवर सर्वाधिक गुण आलेली पद्धत साधी आहे: लघवीच्या तपासणीत अंश आढळला नाही की रुग्णाला छोटे बक्षीस द्यायचे. व्यसन न केल्याचे बक्षीस कसले, हा आक्षेप एके काळी मलाही पटत असे; पण हीच रक्कम तुरुंगातील एका कैद्याच्या खर्चाशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा तो मागे घ्यावा लागला.

आपणास विनंती एवढीच की, जप्तीच्या बातमीत मालाच्या किमतीशेजारी त्या जिल्ह्यात व्यसनमुक्ती उपचारांच्या खाटा किती आणि त्यासाठी किती दिवस थांबावे लागते, हेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक