अर्जावरच्या सहीबद्दल

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा नुसतं हूं हूं करतात आणि मग आई फोन ओढून घेते, म्हणून लिहितोय.

शाळेत अक्षर दासोहचा, म्हणजे पोरांच्या दुपारच्या जेवणाचा, स्वयंपाक करणाऱ्या मावशींना काढा, असा अर्ज शिक्षण खात्याच्या बीईओ ऑफिसला गेलाय आणि त्यावर बाबांचीही सही आहे, असं दादा म्हणाला. अर्ज कन्नडमधून, सही मराठीतून. वर काय लिहिलंय ते कुणाकडून वाचून तरी घेतलंत का? लाईट बिल चौघांना दाखवून मग भरणारा माणूस तुम्ही!

मावशींचा डान्सबारमधला जुना फोटो गावात फिरला, एवढंच कारण ना? फोटो काढणाराही आत बसलेलाच असणार की. त्याचं नाव अर्जात नाही.

माझंही नाही.

२००४ साली मी पनवेलला कंत्राटदाराकडे होतो. पहिला पगार झाला त्या रात्री साईटवरची पोरं मला बारमध्ये घेऊन गेली. नोट कशी द्यायची ते कळेना. हातातली दहाची नोट घामानं ओली झाली. शेजारच्याला म्हटलं, "जाऊया की आता." ते 'की' ऐकून समोर नाचणारी बाई थांबली. "बेळगावकडचा काय रे तू?" मी निपाणी म्हणालो. तिनं नोट घेतली, ब्लाऊजला पुसली आणि विचारलं, "जेवलास काय?" मी खोटंच हो म्हणालो.

त्याच या मावशी. पुढच्याच वर्षी, २००५ ला, महाराष्ट्र सरकारनं डान्सबारवर बंदी घातली. हायकोर्टानं २००६ ला ती रद्द ठरवली, सुप्रीम कोर्टानं २०१३ ला तोच निकाल कायम ठेवला. पोटाचा धंदा असा काढून घेता येत नाही, असं त्यात म्हटलंय. बाबा, तुम्ही कोर्टाचा कागद मानता म्हणून हे लिहिलं. मावशी काही निकालाची वाट बघत बसल्या नाहीत, गावाकडे आल्या. तेव्हापासून चुलीपाशीच आहेत.

गेल्या गणपतीत शाळेच्या गेटपाशी भेटल्या. त्यांनी ओळखलं, मीही ओळखलं. "तुमचा पुतण्या अंडं खात नाही, केळंच मागतो," एवढंच बोलल्या. इतक्या वर्षांत गावात माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही त्यांनी. आणि त्यांच्या विरुद्धच्या कागदावर माझ्या बापाची सही.

आई, तू तंबाखूच्या वखारीत जायचीस तेव्हा वखारीतल्या बायकांबद्दल गल्लीत काय काय बोलायचे, ते मी पायरीवर बसून ऐकलंय. तू घरी येऊन आधी लुगडं बदलायचीस, वास जावा म्हणून. बाबा तेव्हा त्या लोकांशी भांडले होते, हेही मला आठवतं.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येतोय. बाबा, आपण दोघं हेडमास्तरांकडे जाऊ, तुमची सही मागे घ्यायचा अर्ज मी लिहून आणतो. कन्नडमधून लिहून घ्यायला ऑफिसातला एक हुबळीचा मित्र तयार आहे. सही मागे घ्यायची नसेल, तर पनवेलला बसलेल्यांत आमचा धाकटाही होता, हे तेवढं त्या अर्जात वाढवा.

आईच्या गुडघ्याचं तेल आणतोय. आधीची बाटली संपली का, ते दादाला सांगून ठेवा.

तुमचा,
बाळू